बाउन्स रेट २ टक्क्यांवर आला आणि फोन वाजायचा थांबला

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या घरातून मी गेली अकरा वर्षे मसाले, भाजण्या आणि दिवाळीचा फराळ विकते. जानेवारी २०२५ मध्ये वाशीच्या एका वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीने होमपेज नव्याने करून देण्यासाठी माझ्याकडून ५०,००० रुपये आगाऊ घेतले. त्यांनी सुरुवातीला दाखवलेला एकही आकडा खोटा नव्हता, म्हणूनच फसवणूक लक्षात यायला तीन महिने लागले.

त्यांच्या माणसाने आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून दोन आलेख दाखवले. पहिल्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात साइटवर येणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली होती, आणि दुसऱ्यात होमपेजचा बाउन्स रेट ७२ टक्के होता. “मॅडम, शंभरातली बहात्तर माणसं तुमच्या उंबऱ्यावरूनच परत जातात,” असे तो म्हणाला. २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली, त्यानंतर चकली कोण मागवणार, हे चकल्या तळून पोट भरणाऱ्या बाईला तरी सुचायला हवे होते. ते सुचले नाही, याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या आलेखातील खोच मात्र मला सुचण्यासारखी नव्हती. सध्याच्या गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, भेट दहा सेकंदांहून अधिक चालली, दुसरे पान उघडले गेले किंवा आपण महत्त्वाची म्हणून नोंदवलेली एखादी कृती घडली, तरच ती भेट रस घेऊन झालेली मानतात. बाकी सगळ्या बाउन्समध्ये जातात. माझी नेहमीची गिऱ्हाइके होमपेज उघडतात, व्हॉट्सॲपचे बटण दाबतात आणि पुढचे बोलणे तिथेच करतात. हे सारे सात-आठ सेकंदांत उरकते, आणि ते बटण दाबणे महत्त्वाची कृती म्हणून कोणीच नोंदवलेले नसल्यामुळे माझी सर्वांत चांगली गिऱ्हाइकेच उंबऱ्यावरून परत गेलेल्यांत मोजली जात होती. शिवाय होमपेजवरून येणारे होते तरी किती? दहांतला जेमतेम एक. निम्म्याहून अधिक लोक गूगलवरून थेट चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगणाऱ्या पानावर उतरत होते. ते पान त्या माणसाने उघडूनही पाहिले नाही.

करारात ‘बाउन्स रेट ४० टक्क्यांच्या खाली आणू’ असे स्वच्छ लिहिलेले होते. ती मला हमी वाटली. ऑर्डरींबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते.

मार्चमध्ये नवे होमपेज सुरू झाले आणि पहिल्याच अहवालात बाउन्स रेट २ टक्के आला. शेजारी पेढे वाटायचे तेवढे मी बाकी ठेवले होते. पण उन्हाळी मसाल्याचा हंगाम तोंडावर असताना फोन वाजेना. एप्रिलमध्ये डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारले, “काकू, भाजणीचं पान उघडत नाही, बंद केलंत का?”

माझा भाचा ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने पाहताक्षणी सांगितले, “मावशी, दोन टक्के हा यशाचा आकडा नाही, बिघाडाचा आहे.” मोजणीचा कोड साइटवर दोनदा बसवला होता, एकदा थेट पानात आणि एकदा टॅग मॅनेजर या असे कोड बसवायच्या साधनातून. त्यामुळे एकच पान उघडले तरी दोन पाने पाहिल्याची नोंद होत होती, आणि दोन पाने पाहिली की ती भेट बाउन्समधून आपोआप सुटते. त्याच कामात जुन्या पानांचे पत्ते बदलले होते, पण जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी सोय केली नव्हती, म्हणून गूगलवरून येणाऱ्यांना ‘पान सापडले नाही’ एवढेच दिसत होते. व्हॉट्सॲपचे बटण होमपेजवरून उचलून ‘संपर्क’च्या पानात टाकले होते.

वकिलांनी करार वाचून सांगितले की, कागदावर त्यांची अट पूर्ण झाली आहे, आणि कोड मुद्दाम दोनदा बसवला हे सिद्ध करणे सोपे नाही.

कोणी असा आलेख घेऊन दारी आले, तर छापील चित्रावर विसंबू नका. ॲनालिटिक्सचे खाते आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर असू द्या आणि आकडे त्यात स्वतः उघडून पाहा. गणपती-दिवाळीचा धंदा असेल तर तिथीप्रमाणे मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून पाहा, आणि टक्केवारी सांगणाऱ्याला आधी विचारा की ती किती माणसांपैकी आहे. करारात बाउन्स रेटच्या जागी आलेल्या ऑर्डरी लिहायला सांगा. हे ऐकून त्याचा चेहरा कसा होतो तेही बघा.

भाच्याने एक कोड काढून टाकला, जुने पत्ते नव्या पानांना जोडले आणि बटण पुन्हा वर आणले. बाउन्स रेट परत सत्तरच्या घरात गेला आहे, आणि भाजणीची विचारणाही पुन्हा सुरू झाली आहे. कंपनीने मात्र उरलेल्या ३५,००० रुपयांची मागणी करणारे पत्र पाठवले असून, पुरावा म्हणून त्यासोबत मार्चचा तोच २ टक्क्यांचा आलेख रंगीत छापून जोडला आहे.