पायलोनिडल सायनसवरचं लेझर : आठ महिन्यांनंतर

लेझरच्या अर्ध्या तासाबद्दल सगळे सांगतात. त्यापुढच्या महिन्यांबद्दल कोणी नीट सांगत नाही, आणि जखम टिकते की पुन्हा फुटते ते तिथेच ठरतं. म्हणून हा अनुभव आठ महिने उलटल्यावर लिहिला आहे.

आधी दुखणं नीट ओळखा. माकडहाडाच्या जरा वर, बैठकीच्या घळीत टाचणीच्या टोकाएवढी एक-दोन छिद्रं असतात. गळलेले केस त्यातून आत शिरतात, शरीर त्यांना काट्यासारखं परकं मानतं, पू धरतो आणि कातडीखाली पोकळ मार्ग तयार होतो. आपल्याकडे खान्देशात आधी 'केसतूड' म्हणून पोटीस बांधलं जातं, ते फुटलं की 'भगंदर' ठरवून वांगं बंद केलं जातं. भगंदराचा मार्ग गुदद्वाराच्या आत उघडतो, पायलोनिडलचा आतड्याशी संबंध नसतो. भरीत सोडून हे बरं होत नाही आणि खाल्ल्याने वाढतही नाही. छिद्र गुदद्वाराजवळ असेल तर मात्र एमआरआय करून खात्री करून घ्यावी, कारण लेझर दोन्हींवर करतात पण काम वेगळं असतं.

दुसऱ्या महायुद्धात जीपमधून हादरे खाणाऱ्या अमेरिकी सैनिकांत हा आजार इतका दिसला की त्याला 'जीपचा रोग' म्हणू लागले. रोज चोपडा-जळगाव मोटरसायकल मारणाऱ्याला किंवा नांगरटीच्या दिवसांत दिवसभर ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

आता प्रत्यक्ष काम. कमरेत भूल किंवा जागेवरची भूल देऊन पालथं झोपवतात, नितंब चिकटपट्ट्यांनी बाजूला ओढून घळ उघडी करतात. छिद्रांची कडा तीन-चार मिलिमीटर गोल कापून काढतात. त्यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची: बारीक चिमटा, क्युरेट (खरवडायचं चमच्यासारखं हत्यार) आणि ब्रशने आतले केस आणि लालसर मऊ मांस खरवडून बाहेर काढणं. केसांचा गुंता निघतो तेव्हा तो न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या पुंजक्यासारखा दिसतो, ओला, काळा आणि एकमेकांत विणलेला. तो पूर्ण निघाला आणि सलाईनने मार्ग स्वच्छ धुतला गेला, तरच लेझरला अर्थ आहे. मग १४७० नॅनोमीटरचा डायोड लेझर, त्याचा किरण आत नेणारी आणि टोकातून चहूबाजूंनी उष्णता सोडणारी बारीक तार म्हणजे फायबर, साधारण १० ते १३ वॅट. फायबर मार्गाच्या टोकापर्यंत घालून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने मागे ओढतात. भिंती आतून शेकल्या जाऊन आकसतात. टाके घालत नाहीत, तोंड मुद्दाम उघडं ठेवतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी येतात.

इथेच चुका होतात. फायबर हळू ओढली किंवा कातडीच्या फार जवळ आणली तर वरची कातडी भाजते आणि भाजलेली जखम मूळ छिद्रापेक्षा उशिरा भरते. भरभर ओढली तर भिंत अर्धवट शेकली जाते. बाजूला फुटलेली एखादी शाखा राहून गेली तर दोन-तीन महिन्यांत तिथूनच पाणी येऊ लागतं. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा: मार्ग किती, लांबी किती, बाजूच्या शाखा कशा शोधणार? आणि फायबर नवी, सीलबंद आहे का? एकदा वापरायची फायबर पुन्हा वापरली तर टोक काळवंडलेलं असतं आणि उष्णता एकसारखी पडत नाही.

लेझर सगळ्यांसाठी नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. अरुंद, सरळ, एक-दोन मार्ग असतील तर ते उत्तम. आत रुंद पोकळी असेल तर शेकूनही भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. अशा वेळी, किंवा पुन्हा पुन्हा उलटलेल्या आजारात, शेजारची कातडी सरकवून घळच उथळ करणारी फ्लॅपची शस्त्रक्रिया (लिंबर्ग किंवा कॅरिडाकिस पद्धतीची) जास्त टिकाऊ, मोठी असली तरी. पू भरून ठणकणारी गाठ असेल तर आधी चिरा देऊन पू काढतात आणि काही आठवडे थांबून मग लेझर करतात. ठणकत्या गाठीवर घाईने लेझर करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

पहिला आठवडा अपेक्षेपेक्षा सोपा जातो. दुखणं साध्या गोळ्यांनी आटोक्यात राहतं, चालता येतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातली कामं होतात. घोळ इथून पुढे होतो. स्राव लगेच थांबत नाही. पहिले काही दिवस लालसर, मग पिवळसर पातळ पाणी, दोन ते चार आठवडे. ते बाहेर पडणं चांगलं आहे. तोंड वरून लवकर मिटलं आणि आत ओल राहिली तर पुन्हा पू धरतो. स्राव एकदम बंद होऊन ठणका किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. पूर्ण भरायला चार ते आठ आठवडे धरा, मधुमेह असेल किंवा बिडी-सिगारेट चालू असेल तर त्याहून जास्त.

ड्रेसिंग घरी जमतं. दिवसातून दोनदा आणि संडासनंतर हँडशॉवरने कोमट पाणी, वरून खाली, धार हलकी. टिपून कोरडं करा, घासू नका. गॉझची एक घडी घळीत आडवी न ठेवता उभी ठेवा, म्हणजे दोन्ही कातड्या एकमेकींना घासत नाहीत. कापसाचा बोळा भरू नका, तंतू आत राहतात. पोट साफ राहील एवढं पाणी आणि भाजीपाला पुरे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, घामाने गॉझ दोन तासांत चिंब होतं. मुलांच्या सुट्टीत उरकायचं म्हणून उन्हाळा निवडतात, पण जमत असेल तर दिवाळीनंतरचा काळ घ्या. मोटरसायकल जखम भरेपर्यंत नको. नंतरही सलग अर्ध्या-पाऊण तासाने उतरून उभे राहा.

आणि केस. लेझरने मार्ग बंद होतो, केस गळणं बंद होत नाही. घळीभोवती चार बोटं रुंदीची पट्टी केसमुक्त ठेवायची, पहिल्या वर्षात तर नक्कीच. रेझर टाळा, ओरखडे पडतात आणि कापलेल्या केसाला धारदार टोक येतं. ट्रिमर बरा. केस काढायचं लेझर हे वेगळं यंत्र, वेगळी सिटिंग्ज, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने पाच-सहा वेळा. पांढऱ्या केसांवर ते चालत नाही. जखम भरल्यावरच सुरू करा. आत सापडणारे केस फक्त तिथलेच नसतात, डोक्याचे आणि पाठीचेही असतात. कटिंग करून आल्याबरोबर आंघोळ करायची आपली जुनी पद्धत इथे खरोखर कामाची आहे: मानेवरून पाठीवर घसरलेले तुकडे कपड्यांत राहण्याआधी धुऊन जातात.

खर्चात फायबर हा मोठा भाग असतो, म्हणून अंदाजपत्रकात ती, भूल आणि ड्रेसिंग वेगवेगळं लिहून मागा. विमा असेल तर आधी मंजुरी घ्या. अनेक पॉलिसींत या आजाराला पहिली दोन वर्षं थांबावं लागतं.

पहिल्याच प्रयत्नात बहुतेकांची जखम भरते, पण आठ महिने म्हणजे निकाल नव्हे. उलटणारे काही एक-दोन वर्षांनीही उलटतात. महिन्यातून एकदा घरच्या माणसाला मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढायला सांगा, तोच कोन, तोच प्रकाश. आधीच्या फोटोशेजारी ठेवून पाहा. पांढरट, कोरडा वण असेल तर ठीक. त्यात काळा ठिपका दिसला किंवा केसाचं टोक बाहेर डोकावलं, तर दुखत नसलं तरी आठवड्याच्या आत दाखवा. या टप्प्यावर ते बहुधा ओपीडीतच चिमट्याने निघतं.