मीटरवर १९,३४० किलोमीटर, आणि इंजिनात भलताच हिशोब

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना हिशोब डोक्यात राहील. सेकंडहँड घेतलेल्या मोटरसायकलचे ६६,५०० रुपये. 'नावावर करून देतो' म्हणून वर ३,५००. मग इंजिनावर ११,६४०, पुढच्या शॉकअबवर ४,२६० आणि गाडीवर आधीच बसलेली ४,५०० रुपयांची चलनं. एकूण ९०,४००. घरी हा आकडा मी अजून पूर्ण सांगितलेला नाही. एवढ्यात शंभर सीसीची कोरी गाडी दारात उभी राहिली असती, हे मला कळतं. कृपया कोणी ते पुन्हा सांगू नका.

सेकंडहँड गाड्यांचा धंदा कसा चालतो ते सगळ्यांनाच ठाऊक आहे, मलाही होतं. लष्करातल्या माणसाची गाडी, बदली झाली, आगाऊ पैसे पाठवा, असल्या जाहिरातींना मी कधीच भुललो नाही. म्हणून तर मुद्दाम दुकानातून घ्यायची ठरवली. बोर्ड लावलेलं, वीस-पंचवीस गाड्या रांगेत उभ्या असलेलं दुकान. माणूस पळून जाणार नाही, एवढाच विचार. आणि तो पळालेला नाहीच! रोज तिथेच बसतो, आणि वर मलाच हसून नमस्कार करतो.

गाडी दीडशे सीसीची, नोव्हेंबर २०२० ची, बीएस-६. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सिंगल ओनर, १९,३४० किमी, एकदम ओरिजिनल'. सांगितलेला भाव ७४,०००. मी एकटा गेलो नव्हतो, मेव्हण्याला घेऊन गेलो होतो. तो कॉलेजपासून गाड्या उडवतोय आणि गाड्यांतलं सगळं आपल्याला कळतं असं त्याचं मत आहे. त्याने एक चक्कर मारली, परत आला आणि दुकानदारासमोरच म्हणाला, "दाजी, पिकअप तुफान आहे, सोडू नका." झालं. तिथून पुढे घासाघीस कसली करणार?

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. आम्ही पोचलो तेव्हा गाडी बाहेर काढून धुऊन ठेवलेली होती. मी सहज इंजिनाला हात लावला आणि चटका बसला. विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "सर, तुम्ही येणार म्हणून धुतली, मग पाणी वाळावं म्हणून जरा चालू ठेवली." मला पटलं. का नाही पटणार? धुतलेली गाडी वाळवतातच की. पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल खाली झिरपतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. गाडी आधीच गरम करून ठेवली की तो धूर आम्ही यायच्या आत उडून गेलेला असतो. टायमिंग चेनचा थंड इंजिनातला खडखडाट गेलेला असतो. वर नेहमीपेक्षा जाड ऑइल भरलं की उरलासुरला आवाजही दबतो. फोन करून वेळ ठरवा, आणि सांगा की मी येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. इंजिन गरम लागलं तर सरळ म्हणा, उद्या सकाळी येतो. 'उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' असं उत्तर आलं तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा देऊन निघा.

पुढचं अजून वाईट आहे. मी खाली बसून गाडी बघितली होती. नीट बघितली होती. गिअरच्या लिव्हरवरचं रबर पार गुळगुळीत, एका बाजूने आतलं लोखंड दिसत होतं. मागच्या ब्रेकच्या पायट्याचीही तीच गत, बोटाखाली नक्षी लागेना. हे सगळं मला दिसलं, मी बोललोही. उत्तर तयार होतं, "आधीचे साहेब बँकेत होते, रोज बूट घालायचे." मेव्हणा मान डोलावतो आहे, मागे कोणाचा तरी फोन वाजतो आहे, संध्याकाळ होत आली आहे. मी उठलो. बुटाने रबर झिजतं हे मान्य, पण १९ हजारांत? आणि बाकी सगळं नवंकोरं. हँडलच्या ग्रिप नव्या, सीटचं कव्हर नवं, चेन-स्प्रॉकेट नवं, दोन्ही टायर नवे. मला वाटलं, वा, माणसाने गाडी जपली आहे. हे सगळं बदलावं का लागलं असेल, हा प्रश्न त्या वेळी डोक्यात आलाच नाही.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या पुढच्या टायरवर ३५२३ आहे, म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. मागचा टायर एक वेळ २०-२५ हजारांत जातो, पण अशा गाडीचा पुढचा टायर इतक्यात झिजत नाही. मग २०२० च्या गाडीला २०२३ चा टायर कसा? ही गोष्ट मी नंतर घराखाली मोबाइलच्या उजेडात वाचली, पैसे देऊन झाल्यावर. मीटर खोटं बोलू शकतं, टायर बोलत नाही. तसंच मीटरच्या मागचे स्क्रू बघा. माझ्या गाडीच्या दोन स्क्रूंची डोकी चावल्यासारखी झाली आहेत. डिजिटल मीटर मागे फिरवता येत नाही असं कोणी म्हटलं तर हसू नका, मीही तेच समजत होतो. मीटर उतरवून आतल्या चिपवरचा आकडा यंत्राने बदलतात, नाहीतर भंगारातल्या गाडीचं कमी चाललेलं मीटर आणून बसवतात.

पैसे कसे गेले तेही लिहितो, कारण खरी मेख तिथेच आहे. ६६,५०० ला सौदा झाला. ५,००० टोकन ऑनलाइन, मग ४१,५०० ऑनलाइन, आणि उरलेले २०,००० रोख मागितले. 'टॅक्सचं लफडं नको सर, दोघांच्या फायद्याचं आहे.' पावती आली ४६,५०० ची. खाली बारीक अक्षरात 'गाडी बघून, जशी आहे तशी घेतली'. आज तोच माणूस म्हणतो, ४६,५०० मध्ये अशीच गाडी मिळणार. २०,००० चा कागद माझ्याकडे नाही. रोख मागणारा माणूस पुढच्या भांडणाची तयारी आजच करत असतो.

काही आठवड्यांतच ऑइल कमी व्हायला लागलं. मग धूर. मग पुढून टकटक. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने इंजिन खोललं आणि पिस्टन माझ्या हातात दिला. वरचा काळा थर पेट्रोलच्या फडक्याने पुसला तर माथ्यावर ०.५० असा आकडा कोरलेला. म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन. सिलिंडर निदान एकदा घासून मोठा केलेला, आणि तोही पुन्हा झिजलेला. "एकोणीस हजार?" मिस्त्री म्हणाला, "साहेब, याच्या आधी एक लावा हवं तर." हँडल मधोमध आलं की खाचेत अडकल्यासारखं व्हायचं ते वेगळंच, तो कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेलेला होता, आणि शॉकअबचे पाइप हलकेसे वाकलेले. कुठेतरी समोरून ठोकलेली गाडी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून चेसीवरचे, हँडल जिथे अडतं ते स्टॉपर बघितले असते तर कळलं असतं. एका बाजूचा चेपून वर रंग मारलेला आहे. तो रंगही मूळ रंगापेक्षा जरा जास्त चकचकीत.

जुन्या विमा पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, किती टक्के आहे तेही बघत जा. चार वर्षांच्या गाडीला तो शून्य असेल, तर बहुधा एक तर क्लेम घेतलेला आहे नाहीतर पॉलिसी मध्येच बंद पडलेली. दोन्हीचं उत्तर मागा. मला दुकानदाराने पॉलिसीचं फक्त पहिलं पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं.

मग मी आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. पहिला मालक भला माणूस निघाला. बँकेत वगैरे नाही, औषध कंपनीचा प्रतिनिधी. दिवसभर गाडीवरच. त्याने मोबाइलवर शेवटच्या सर्व्हिसची नोंद दाखवली, ५२,४१८ किलोमीटर. त्यानंतरही वर्षभर वापरून, ६१ हजारांच्या पुढे गेल्यावर गाडी एक्स्चेंजला दिली होती. नमुना २९ आणि ३०, म्हणजे नाव बदलायच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या करून मोकळा झाला होता आणि समजत होता की नाव कधीच बदललं असेल. चलनांचे मेसेज येत होते, ते त्याने दुर्लक्षित केले होते. त्याला मी २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्याचा चेहरा माझ्याहून पडला. गाडी विकणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. कायद्यात राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सही करून घरी जाऊन झोपायचं नसतं.

'नावावर करून देतो'चे ३,५०० घेऊन दुकानदाराने काय केलं? काहीही नाही. फाइल चलनांमुळे अडली आहे हे सांगायलासुद्धा मीच फोन करायचा. चलनं मी भरली, नाव शेवटी मीच बदलून घेतलं, पहिल्या मालकाला सोबत नेऊन. गाडीचा नंबर टाकून ई-चलनची साइट आणि एमपरिवहन हे सरकारी अ‍ॅप, दोन्ही टोकन देण्याआधी बघा. बँकेचा बोजा, म्हणजे गाडीवरचं कर्ज, दिसला तर नमुना ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) आणि बँकेचं ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया सोडू नका. आणि मालकालाच त्याच्या मोबाइलवरून सर्व्हिसच्या नोंदी दाखवायला सांगा. दुकानदार मालकाशी बोलू देत नसेल, तर तो तुमच्यापासून मालक लपवत नाहीये, मालकाला माहीत असलेला आकडा लपवतोय.

आता सरकारी कृपा. चौकीत गेलो. पहिला प्रश्न, "गाडी तुमच्याकडेच आहे ना? चोरीची नाही ना? मग फसवणूक कसली?" मीटर मागे केलं, खोटं सांगून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, मी वाचून गेलो होतो. ते ऐकून हवालदार म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नाही, मी ग्राहक आहे. अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. पुढच्या खेपेला साहेब बंदोबस्तात. शेवटी दुकानदाराला बोलावलं. तो आला, चहा प्यायला, पावती दाखवली. आणि मलाच सल्ला, "५,००० परत देतो म्हणतोय, मिटवून टाका." तक्रार माझी, वेळ माझा गेलेला, आणि मिटवायचंही मीच!

आरटीओत वेगळी तऱ्हा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. या दुकानाकडे ते आहे का, एवढंच विचारायचं होतं. या खिडकीने त्या खिडकीकडे पाठवलं, तिने वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्याने 'ऑनलाइन तक्रार करा'. केली. कोणाचाही फोन आला नाही, कोणी दुकानात गेलं नाही आणि एके दिवशी मेसेज आला, 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. कशी निकाली? कोणी काढली? हेल्मेट नसलं तर चौकात बरोबर दिसतो आपण यांना. पंचवीस गाड्यांचं दुकान दिसत नाही.

चौकीत नकार दिला तर गप्प बसू नका, लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४). मी पाठवली आहे, रजिस्टर पोस्टाने, पोच जपून ठेवली आहे. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घातली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि वकील लावायलाच पाहिजे असंही नाही. मात्र मालकानेच स्वतःची गाडी थेट विकली असेल तर तिथे फारसं हाती लागत नाही, विक्रेता धंदा करणारा असला पाहिजे. एवढ्यापुरतं दुकानातून घेतल्याचं बरं वाटतंय.

सध्या पुढची तारीख मिळाली आहे. समोरच्याच्या वकिलाचं म्हणणं, १९,३४० हा आकडा आमच्या अशिलाने कधी सांगितलाच नव्हता. जाहिरात तर सौद्याच्या दुसऱ्याच दिवशी काढून टाकलेली. पण टोकन द्यायच्या आधी मी ती मेव्हण्याला स्क्रीनशॉट काढून पाठवली होती, दुकानाच्या नावासकट, तारखेसकट. तक्रारीला पहिलं जोडपत्र तेच लावलंय.