ऊन की थेंब? तान्ह्या बाळाला ड जीवनसत्त्व देण्याचे दोन मार्ग

लहानपणी ड जीवनसत्त्वाची कमतरता राहिली, तर तिचे परिणाम मुडदुसाबरोबर (हाडे मऊ होऊन वाकण्याच्या बालपणीच्या आजाराबरोबर) संपतातच असे नाही. मुलीच्या कटिराची (कमरेखालच्या भागाची) हाडे मऊ राहून आकार बिघडला, तर कित्येक वर्षांनी तिची प्रसूती अवघड होऊ शकते. म्हणूनच पहिल्या वर्षातला निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

उन्हाचा मोठा गुण असा की त्वचा स्वतःच आवर घालते: उन्हात अधिक काळ राहिल्यास जादा तयार झालेल्या पूर्वद्रव्याचे (ज्यापासून हे जीवनसत्त्व बनते त्याचे) निष्क्रिय घटकांत रूपांतर होते, त्यामुळे उन्हाने या जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. मात्र त्यासाठी लागणारे अतिनील-बी किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येत नाहीत, हिवाळ्यात विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत ते फारच अपुरे पडतात आणि सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो. शिवाय सहा महिन्यांखालील बाळाची नाजूक त्वचा थेट उन्हात ठेवणे योग्य नाही.

थेंबांचे मोजमाप निश्चित असते. मुडदुसाविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक तज्ज्ञ-सहमतीने पहिल्या वर्षभर प्रत्येक बाळाला, ते आईच्या दुधावर असो वा वरच्या, रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकक देण्याची शिफारस केली. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अत्यल्प असते, हे अनेक पालकांना कोणी सांगतच नाही. धोका मात्रेचा आहे: तीव्रता न वाचता भरलेला ड्रॉपर रक्तातील कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडांना इजा करू शकतो.

तान्ह्या बाळासाठी मी निःसंशय थेंबच निवडेन.