ग्रीन टी: नऊ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

मागच्या नोव्हेंबरात इथं नागपुरात सेमिनरी हिल्सला सकाळी फिरायला जायला लागले आणि सोबतच्या बायकांचं ऐकून ग्रीन टीचा १०० पिशव्यांचा डबा आणला. दिवसाला चार कप दुधाचा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, ही माझी जुनी सवय मोडायची होती. ती मोडली, आणि याबद्दल ग्रीन टीला पूर्ण गुण. पण पहिल्या तीन महिन्यांत जे झालं, त्यातलं काहीच डब्यावर छापलेलं नव्हतं, म्हणून इतकं लिहिते आहे.

उत्साहात मी दिवसाला पाच कप प्यायचे. पहिला पहाटे साडेपाचला, रिकाम्या पोटी. फुटाळा तलावापर्यंत पोचायच्या आत मळमळायचं, घशाशी आंबट यायचं. त्यात मी खळखळ उकळतं पाणी ओतून पिशवी तशीच कपात ठेवायचे. इतक्या गरम पाण्यात टॅनिन आणि कॅफीन जास्त उतरतं. चव कडू-तुरट लागते ती त्यामुळंच. आता पाणी उकळलं की चार-पाच मिनिटं बाजूला ठेवते, पिशवी दोन मिनिटांत काढते, आणि पोह्यांच्या आधी कप हातात घेत नाही. पित्ताचा त्रास आठवडाभरात थांबला.

झोपेचंही तसंच. रात्री जेवणानंतरचा कप मी 'पचनासाठी' घ्यायचे आणि एकपर्यंत छताकडं बघत पडायचे. एका कपात साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन असतं. साध्या चहापेक्षा कमी, पण पाच तासांनीही त्यातलं जवळपास निम्मं अंगात उरतं. आता दुपारी चारनंतर घेत नाही.

खरा धक्का फेब्रुवारीत बसला. इतवारीच्या घराचे दोन जिने चढताना धाप लागायची. माहेरी गेले तर आई दारातच म्हणाली, "काऊन वो, अशी फिक्कट काऊन दिसून राहिली?" रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.२. बायकांत १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, चहा जेवणाच्या किती आधी-नंतर घेता?" मी तर जेवताजेवताच प्यायचे. आम्ही शाकाहारी, पालक, मेथी, चणे, डाळी यांतलं लोह तसंही शरीरात कमीच शोषलं जातं, आणि ग्रीन टीतले घटक त्याला धरून ठेवतात. सगळा दोष चहाचा नव्हता. पाळीत जास्त रक्त जायचं, तेही त्यांनी नीट विचारलं. पण आधीच कमी असलेल्या लोहावर मीच रोज पाच वेळा पाणी फिरवत होते, हे मला फार लागलं.

त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत असं बजावलं. जेवण आणि ग्रीन टी यांत किमान एक तासाचं अंतर ठेवायला सांगितलं. जेवणासोबत लिंबू किंवा संत्रं खायचं, कारण क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. तेव्हा मृग बहाराची संत्री बाजारात आलेलीच होती, रोज दुपारी एक ठरवून खाल्लं. जुलैच्या तपासणीत हिमोग्लोबिन १२.१ आलं. मोठं काम गोळ्यांनीच केलं, पण आता गोळ्या वाया जात नव्हत्या.

वजनाचं विचाराल तर दोन किलो कमी झालं. माझ्या मते ते चालण्यानं आणि साखरेचे आठ चमचे सुटल्यानं. चहाला त्याचं श्रेय मी देणार नाही.

दोन गोष्टी मात्र अगदी कळकळीनं सांगते. माझा भाचा जिमसाठी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेत होता, त्या मी बंद करायला लावल्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं होतं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला एक मुख्य घटक) पोटात गेलं तर यकृताला धोका संभवतो. कपातल्या चहाची गोष्ट वेगळी. दुसरं, घरात कुणी रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेत असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सध्या माझे दोनच कप: सकाळी साडेदहा आणि दुपारी चार. मे महिन्यात दुसराही सोडून मठ्ठा घेतला. पहिला डबा वीस दिवसांत संपला होता. आता तोच पन्नास दिवस पुरतो.