सुपर मारिओ ब्रदर्स वंडर: आबा, माझी पोरगी आणि जगातली सगळ्यात भारी गेम सिरीज

दिवाळीत मिरजेहून माझा मावसभाऊ आला आणि फराळाचं ताट समोर यायच्या आधीच आमचं नेहमीचं सुरू झालं, आत्तापर्यंतची सगळ्यात भारी गेम सिरीज कुठली. तो पक्का जीटीएवाला, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, ती गाड्या पळवायची गेम. कॉलेजला असताना सांगलीत विश्रामबागला सायबर कॅफेत बसून तिचाच व्हाइस सिटी हा भाग खेळलेला, त्यामुळं त्याच्यापुढं दुसरं नाव काढायची सोय नाही. मी पहिल्यापासून मारिओवाला. दरवेळी तो म्हणतो "दादा, तू अजून लहानपणातच अडकलायस", आणि दरवेळी मला उत्तर नीट देता येत नाही कारण खरंच मी तीस वर्षांपूर्वीच्याच मारिओबद्दल बोलत असायचो. यावेळी मात्र घरात सुपर मारिओ ब्रदर्स वंडर होती, तीन महिने खेळून झालेली, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. गेमचाही आणि त्या वादाचाही.

आधी खरेदीचं सांगतो कारण ते खूप जण विचारतात. मारिओ बनवणारी कंपनी निन्टेन्डो, तिचं सामान आपल्याकडं प्लेस्टेशनसारखं अधिकृत दुकानातून मिळत नाही, सगळं बाहेरून आणलेलं असतं, त्यामुळं वॉरंटीचा भरवसा नाही आणि भाव विकणाऱ्याच्या मनावर. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून सेकंडहँड स्विच, म्हणजे निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र, घेतला आणि गेमचं कार्ड नवं म्हणून घेतलं, तर कार्डाचा डबा आधीच फोडलेला निघाला. कार्ड चाललं म्हणून गप्प बसलो, पण तुम्ही घेताना पार्सल उघडायचा व्हिडिओ काढून ठेवा आणि पैसे देण्याआधी सील बघायला मागा. लाजू नका.

आता मूळ मुद्दा. मी मराठी शाळेत शिकलो. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या गल्लीत टीव्ही गेम आला तेव्हा मी तिसरीत होतो, म्हणजे मला एबीसीडीसुद्धा सलग येत नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली पोरं पैसे गोळा करून तो डबा दिवसाच्या भाड्यानं आणायची, त्यात ती पिवळी कॅसेट, वर ९९९९ इन १ लिहिलेलं आणि आत फिरून फिरून तेच पंचवीस-तीस गेम. कॉन्ट्रा असायची, टँक असायचा, सर्कस असायची. पण नंबर लावून बसायची पोरं ती मारिओसाठी. आणि कुणीही कुणाला काही शिकवलं नव्हतं, हे मला आज आठवलं की नवल वाटतं. स्क्रीनवर वाचायला जवळजवळ काहीच नाही, सूचना नाहीत, पुस्तिका तर भाड्याच्या डब्याबरोबर कुठून येणार, तरी पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाला कळायचं की उजवीकडं जायचं, उडी मारायची, त्या तपकिरी टकल्याच्या डोक्यावर पडायचं आणि अंगावर आला तर मरायचं.

हे आपोआप झालेलं नव्हतं, आपोआप वाटावं म्हणून कुणीतरी लय डोकं लावलं होतं, हे मला मोठेपणी कळलं. १३ सप्टेंबर १९८५ ला जपानात सुपर मारिओ ब्रदर्स आली, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी आखलेली, संगीत कोजी कोंडोंचं. तिची पहिली स्टेज आज एकदा सावकाश बघा. मारिओ डाव्या कडेला उभा, उजवीकडं सगळी मोकळी जागा, म्हणजे कुठं जायचं हे जागाच सांगते. थोडं पुढं तो टकल्या समोरून येतो, उडी मारली नाही तर मरतो, पण गेम सुरू होऊन चार-पाच सेकंदच झालेत त्यामुळं वाईट वाटत नाही, परत पहिल्यापासून. मग प्रश्नचिन्हाच्या विटा. एकीतून मश्रूम निघतो, आणि नुकताच टकल्यानं मारलेलं असल्यामुळं पोरगं मश्रूमलाही घाबरतं, पळायला बघतं, पण मश्रूम उजवीकडं जाऊन पाइपला धडकतो, उलटा फिरून येतो आणि बहुतेक वेळा अंगावर येतोच. आणि मारिओ मोठा होतो! घाबरवून शिकवलं, मग लगेच खूश करून शिकवलं. पुढं शेवटाकडं दोन जिने समोरासमोर येतात, मधे साधी जमीन, चुकलात तरी काही होत नाही. त्याच्यानंतर लगेच तसेच दोन जिने पण मधे खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. आमच्या गणिताच्या सरांनी एवढा विचार केला असता तर माझे मार्क वेगळे असते.

आणि हे सगळं ४० किलोबाइटमध्ये. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच चित्राची केलीत, नुसता रंग बदललाय, मी शेकडो वेळा खेळलो पण लक्षात आलं नव्हतं, कुणीतरी दाखवल्यावर बघतच बसलो.

आता भावाची बाजू, कारण ती कच्ची नाही. जीटीए १९९७ ला सुरू झाली ती वरून दिसणाऱ्या छोट्या गाड्यांची, आणि २००१ ला तिसऱ्या भागात अख्खं शहर तुमच्यापुढं उघडं टाकलं, वाटेल तिकडं जा. व्हाइस सिटी २००२, सॅन अँड्रियास २००४, आणि पाचवी २०१३ ला आली ती अजून विकली जातेय, २० कोटींच्या वर कॉप्या गेल्यात. गाडीतला रेडिओ, रात्रीचे दिवे, पावसात ओला झालेला रस्ता, हे त्याच्याआधी असं कुणी दाखवलं नव्हतं आणि मी ते मान्य करतो, मीही तासन्‌तास खेळलोय. पण मी त्याला विचारलं, त्या कॅफेत आपण व्हाइस सिटीच्या किती मिशन पूर्ण केल्या? त्याला आठवेना. कारण आम्ही मिशन खेळायचोच नाही, आम्हाला त्यातलं इंग्रजीच कळायचं नाही, आम्ही चीट कोड टाकून रणगाडा काढायचो आणि पोलीस मागं लावून घ्यायचो. गेमचा निम्मा जीव ज्या गोष्टीत होता ती गोष्ट आमच्यापर्यंत आलीच नाही. मारिओ मात्र पूर्ण आली, शंभर टक्के आली, जपानमधल्या पोराला जेवढी कळली तेवढीच सांगलीतल्या तिसरीतल्या पोराला. माझ्यासाठी सगळ्यात भारीचं माप हे आहे.

पुण्यातला एक मित्र झेल्डावाला आहे, त्याचं म्हणणं खरी सिरीज झेल्डाच. १९८६ पासून चाललीय, तीही मियामोतो-तेझुकांचीच, आणि २०१७ ची ब्रेथ ऑफ द वाइल्ड मी खेळलो तेव्हा डोंगर दिसला की चढता येतो या एवढ्याशा गोष्टीनं मी येडा झालो होतो. सुंदर आहे, वादच नाही. पण ती माझ्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात देता येणार नाही, पहिल्या तासात दहा बटणं लागतात.

भावाचा दुसरा मुद्दा जास्त टोकदार होता. तो म्हणाला, दादा तू एका गेमचं कौतुक करायलायस, सिरीजचं कुठं? पहिली चांगली होती म्हणून चाळीस वर्षं भारी कशी? आणि हे बरोबर आहे. २००६ ते २०१२ मध्ये न्यू सुपर मारिओ ब्रदर्स नावाचे चार भाग आले ते एकसारखेच वाटायचे, तेच गवत, तेच वाळवंट, तेच बर्फ. पण त्याच सिरीजनं १९९६ ला मारिओ ६४ आणली. थ्रीडीत कसं फिरायचं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, खेळणाऱ्याला तर नाहीच, म्हणून त्यांनी सुरुवातीला किल्ल्याबाहेर एक मोकळं अंगण दिलं, शत्रू एकही नाही, नुसतं पळा, झाडावर चढा, पाण्यात पडा. कॅमेरा म्हणजे काय हे कळावं म्हणून ढगावर बसलेलं एक कासव हातात कॅमेरा घेऊन तुमच्या मागं उडतं, आणि किल्ल्यातल्या आरशाच्या खोलीत गेलात की आरशात ते खरोखर दिसतं! मग २००७ ची गॅलक्सी, एवढ्या एवढ्याशा ग्रहांवर उलटंसुलटं चालायचं. २०१७ ची ओडिसी, टोपी फेकायची आणि ज्याच्या डोक्यावर बसेल ते आपण. दरवेळी नवीन भाषा, आणि दरवेळी न बोलता शिकवलेली. उडी तीच.

आता वंडर. ही ऑक्टोबर २०२३ ची, म्हणजे त्या न्यूवाल्या शेवटच्या भागानंतर अकरा वर्षांनी आलेली बाजूनं दिसणारी मारिओ. निर्माते परत तेझुकाच, १९८५ ला होते तेच. जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टेजमध्ये एक वंडर फूल लपवलेलं असतं, ते धरलं की त्या स्टेजचं डोकंच फिरतं. पहिल्याच स्टेजमध्ये पाइप सुरवंटासारखे चालायला लागतात. दुसऱ्या स्टेजला चावणारी झाडं पाइपमधून बाहेर येऊन गाणं म्हणत मिरवणूक काढतात, माझी पोरगी दुसरीत आहे, ती हातातला कंट्रोलर खाली ठेवून नाचायला लागली आणि आम्ही दोघं खड्ड्यात. एका स्टेजला बैलांसारख्या जनावरांचा कळप सुटतो, त्यांच्या पाठीवर उभं राहून विटा फोडत जायचं, तेव्हा आमचे आबा खुर्चीतून उठले. आबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत आयुष्यभर दिवाणजी होते, वय ६८, मी लहान असताना "ती टीव्ही बिघडंल, बंद कर" एवढाच त्यांचा गेमशी संबंध. बैलगाडा शर्यतीचा नाद मात्र जुना. ते म्हणाले, "आण रं हिकडं, मला बघू दे."

आणि इथं ही गेम किती विचार करून बनवलीय ते कळतं. बारा जणांतून आपला गडी निवडायचा. त्यातले चार योशी, म्हणजे रंगीत डायनासोर, आणि एक नॅबिट नावाचा सशासारखा चोर, यांना शत्रू धडकला तरी काही होत नाही, फक्त खड्ड्यात वगैरे पडले तरच मरतात. आबांना योशी दिला. पोरगी पीच घेते, १९८५ ला जी राजकन्या वाड्यात बसून वाट बघायची ती आता स्वतः पळते, पोरीला त्यात काही विशेष वाटत नाही, मला वाटतं. एकानं दुसऱ्याला ढकललं असं होत नाही कारण गडी एकमेकांच्या आरपार जातात, जुन्या भागांत भावंडांची मारामारी व्हायची ती इथं नाही. आणि योशीच्या पाठीवर बाकीच्यांना बसता येतं. पहिल्या आठवड्यात पोरगी अवघड जागी आली की सरळ आबांच्या पाठीवर बसायची, आबा उडी मारायचे, पलीकडं उतरवायचे. दुसऱ्या आठवड्यात ती त्यांना "आबा, आता उडी, आता, आता" असं शिकवत होती. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मारिओ हत्ती होतो तेही तिनंच शोधलं, "पप्पा, मला सोंड आली" म्हणून ओरडली आणि सोंडेतलं पाणी सुकलेल्या फुलांवर मारून बघितलं, फुलं उठली.

कमी काय आहे तेही सांगतो. साहेबाच्या, म्हणजे जगांच्या शेवटच्या लढाया फिक्या आहेत, बराच वेळ त्याच त्या बाउझर ज्युनियरशी, म्हणजे व्हिलनच्या पोराशी, लढावं लागतं, स्टेजमध्ये एवढं डोकं लावल्यावर इथं का नाही लावलं कळत नाही. बॅज नावाचा प्रकार आहे, टोपीचं पॅराशूट होतं किंवा भिंतीवर चढता येतं, छान आहे, पण त्यांची माहिती इंग्रजीत वाचायला लागते, माझ्याच मापानं मोजलं तर तेवढे मार्क गेले. बोलणारी फुलं सारखी बडबडतात, मला कंटाळा आला, पोरीला आवडतात, सेटिंगमध्ये बंद करता येतात. कॅमेरा एकाच्याच मागं जातो, ज्याच्या डोक्यावर मुकुट त्याच्या, मागं राहिलेला भूत होऊन येतो, आबांचं बरेचदा तसं होतं. एकटा मोठा माणूस खेळला तर मुख्य गोष्ट चार-पाच दिवसांत संपेल, पण शेवटच्या लपवलेल्या स्टेज खरंच अवघड आहेत, माझ्या एका स्टेजला सत्तरच्या वर लाईफ गेल्यात आणि अजून झालेली नाही.

आमच्या गावभागातल्या घराच्या माळ्यावर ती पिवळी कॅसेट मी जपून ठेवली होती, पुढं डबाही एक जुना विकत घेतला होता. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं त्यात सगळं गेलं. आम्ही नंतर शंभर फुटी रस्त्याला राहायला आलो. सांगायचं कारण एवढंच की स्विचवर ऑनलाइनची वर्गणी घेतली तर १९८५ ची मूळ मारिओ त्यात मिळते, मी एक महिन्याची घेऊन पोरीला लावून दिली आणि मुद्दाम काही न बोलता मागं बसलो. टकल्यानं मारलं. परत. मश्रूम आला, ती मागं पळाली, मश्रूम उलटा फिरून आला आणि ती मोठी झाली, वळून माझ्याकडं बघितलं.

भाऊ हे सगळं दिवाळीत बघत होता. मान्य काही केलं नाही, जीटीए सहावी येऊ दे मग बोलू म्हणाला. पण जाताना बसला उशीर झाला कारण आबांना चौथा गडी हवा होता. घेणार असाल तर घरात दोन तरी कंट्रोलर आहेत ना बघा, स्विचबरोबरची जोडी सुटी करून दोघं खेळू शकतात पण ती आडवी धरली की मोठ्या माणसाच्या हाताला फार बारीक पडते, आबांसाठी मी वेगळा मोठा कंट्रोलर घेतला. आणि लहान पोरांना पहिल्या दिवशी योशी देऊ नका, एक-दोनदा त्या टकल्याकडून मरू द्यात.