अप्पर सर्किटचा शेअर मला पटकन मिळाला, तिथंच कळायला पाहिजे होतं

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर शेअरच्या टिप्स देणाऱ्या सरांचंही नाही, कारण त्यांचं खरं नाव मलाच माहीत नाही. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे चार माग आहेत, टॉवेलचं जॉबवर्क करतो. शेअर मार्केट म्हणाल तर लॉकडाऊनमध्ये डीमॅट उघडलं, नावाजलेल्या चार-पाच कंपन्यांचे दहा-वीस शेअर घेऊन ठेवले, बस्स. म्हणजे अगदीच अडाणी नव्हतो, आणि तेच नडलं बहुतेक. ज्याला काहीच कळत नाही तो भिऊन लांब तरी राहतो.

गेल्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पोरं पाळण्यात बसलेली, आम्ही खाली भजी खात उभे, तेवढ्यात शेजारच्या कारखान्याच्या अण्णांनी मोबाईल पुढं केला. तेल शोधणारी छोटी कंपनी, शेअर ४ रुपये २० पैशाला. "घे की बे थोडे, गुजरातेत तेल शोधायला जमिनीचा ब्लॉक लागलाय हिला, भज्यापेक्षा स्वस्त आहे." अण्णा काही लबाड माणूस नाही, तोही माझ्यासारखाच अडकलेला, हे मुद्दाम सांगतो कारण बायको अजून त्याच्यावर डाफरते. मी दुसऱ्या दिवशी १० हजार शेअर घेतले, ४२ हजार गेले, आणि अण्णांनी मला ग्रुपात घातलं.

ग्रुपात रोज रात्री नऊला सरांची व्हॉइस नोट यायची. आवाज असा गोड की कीर्तनकार झक मारतील. आणि माणूस नुसत्या थापा मारत नव्हता हो, अर्धं खरं सांगायचा. १९५८ ला खंबातला तेल लागलं, १९६० ला अंकलेश्वर, १९७४ ला बॉम्बे हाय. मग राजस्थानची गोष्ट, शेलसारख्या जगातल्या मोठ्या कंपनीने बाडमेरच्या ब्लॉकमधला हिस्सा सोडला, केर्न कंपनीने तो घेतला आणि २००४ ला तिथंच मंगला हे मोठं तेलक्षेत्र सापडलं. हे सगळं खरंय, मी गुगल करून बघितलं, आणि ते खरं निघालं म्हणून पुढचंही खरंच असणार असं धरून चाललो. मंगला २००४ ला सापडून तेल बाहेर यायला २००९ उजाडलं, म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला पाच वर्षं लागली, हे मात्र व्हॉइस नोटमध्ये कधी आलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

शेअर रोज पाच टक्के वर, सकाळी सव्वानऊला उघडला की अप्पर सर्किट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अप्पर सर्किट म्हणजे त्या दिवशी भाव त्याच्या वर जाऊ शकत नाही, घेणारे रांगेत उभे आणि विकणारा कोणी नाही. मी ६ रुपये ८० ला २० हजार घेतले. मग एका रात्री सरांनी "शेवटची संधी" म्हणून मेसेज टाकला, पोरीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली एफडी मी मोडली आणि सकाळी ९ रुपये ९० ला २५ हजारांची ऑर्डर टाकली. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ऑर्डर पूर्ण. सगळे २५ हजार, एका झटक्यात. आणि इकडं ग्रुपात लोक बोंबलतायत की शेअर मिळतच नाहीये! मला काय वाटलं असेल सांगा, मला वाटलं मी नशीबवान.

ब्रोकरच्या ॲपवर खरेदी करताना एक पिवळी पट्टी यायची, हा शेअर जादा देखरेखीखाली म्हणजे एएसएममध्ये आहे, जोखीम समजून घ्या वगैरे. तीनही वेळा मी त्यावर ओके दाबलं. टॉवेलच्या गाठीवर सही करताना आपण चलन वाचतो का, तसंच.

भाव ११ रुपये ४० झाला तेव्हा माझे ५५ हजार शेअर आणि कागदावर ६ लाख २७ हजार. घातलेले ४ लाख २५ हजार ५००. त्या आठवड्यात मी नव्या रॅपिअर मागाची चौकशी करून आलो, खोटं कशाला बोलू. अण्णांना म्हटलं, निम्मे काढू का, तर म्हणाले "येडा का तू, अजून ड्रिलिंग चालू पण नाही झालं."

आता कंपनीच्या कागदाचं. माझा भाचा मेहसाण्याकडं रिगवर कामाला आहे, त्याला मी कंपनीने एक्स्चेंजला दिलेलं पत्र पाठवलं, सगळं बुडाल्यावर पाठवलं हे वेगळं. त्यात लिहिलं होतं, ब्लॉकमध्ये "ग्रॉस अनरिस्क्ड प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्सेस" २ कोटी बॅरल. आमचे सर म्हणायचे २ कोटी बॅरल गुणिले ८० डॉलर म्हणजे १३ हजार कोटी रुपये, कंपनीचे शेअर २० कोटी, म्हणजे एका शेअरची खरी किंमत ६५० रुपये, आणि मिळतोय दहाच्या आत. भाच्याने फोन केला आणि आधी नुसता हसला. म्हणाला मामा, प्रॉस्पेक्टिव्ह म्हणजे अजून विहीर खोदलेलीच नाही, जमिनीवरनं सिस्मिक म्हणजे कंपनांची तपासणी करून खडकाचा आकार बघितलाय आणि असलं तर एवढं असेल असा अंदाज. विहीर खोदून तेल दिसलं पण काढणं परवडेल का माहीत नाही तर त्याला कंटिंजंट म्हणतात. सापडलं, काढता येतं आणि विकून फायदा पण होतो तेव्हा कुठं रिझर्व्ह. अनरिस्क्ड म्हणजे कोरडी निघायची शक्यता वजा केलेली नाही. आणि ग्रॉस म्हणजे सगळ्या भागीदारांचं मिळून, तुझ्या कंपनीचा वाटा किती ते खाली बघ. खाली बारीक अक्षरात १० टक्के. म्हणजे ६५० चे झाले ६५. तेल लागायची शक्यता धर दहात एक, तर साडेसहा. त्यातनं विहिरीचा खर्च, सरकारची रॉयल्टी आणि वाटा, मधली पाच-सात वर्षं, हे सगळं काढ आणि सांग काय उरतं. मी काय सांगणार, मी ९ रुपये ९० दिले होते.

आणि कंपनीची वर्षाची विक्री ३८ लाख, तीही कसल्यातरी कन्सल्टन्सीची. जमिनीवरची एक खोल विहीर कोटींत जाते. ३८ लाखवाला कुठनं खोदणार?

आमच्या वडिलांनी २०१२ च्या दुष्काळात शेतात तीन बोअर मारले. पाणाड्या यायचा, तळहातावर नारळ ठेवून रानातनं चालायचा, नारळ उभा राहिला की म्हणायचा इथं. दोन बोअर कोरडे, पाचशे फुटापर्यंत नुसता काळा फत्तर आणि धुरळा. पाणाड्याचे पैसे मात्र तिन्ही वेळा रोख आणि आधी. ह्या कंपनीचं पण तेच होतं, तेल लागो न लागो, डायरेक्टरांचा पगार चालू, नवीन वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावात पुढं शेअर घ्यायचा हक्क, काढून शेअर स्वतःला स्वस्तात, आणि कोरडा बोअर माझ्या वाट्याला.

पडायला लागला तेव्हा ११.४० चा १०.८३, मग १०.२९, मग ९.७८. आता उलटं, लोअर सर्किट, विकणारे रांगेत आणि घेणारा कोणी नाही. रोज सकाळी नऊ वाजता ऑर्डर टाकून बसायचो, साडेतीनला ऑर्डर रद्द. सर म्हणाले "कमजोर हातातनं शेअर काढून घेतायत, घाबरू नका, उलट ॲव्हरेज करा." म्हणजे पडलेल्या भावात अजून घ्या. तिसऱ्या आठवड्यात सरांनी ग्रुपात मेसेज बंद केले, फक्त ॲडमिन लिहू शकेल असं. चौथ्या आठवड्यात ग्रुपच गायब. दीड महिना असाच गेला आणि सर्किट उघडलं तेव्हा मी सगळे २ रुपये ३५ पैशाला काढले, १ लाख २९ हजार २५० हातात आले. २ लाख ९६ हजार २५० गेले.

मग डोकं शांत झाल्यावर एक्स्चेंजच्या साईटवर बल्क डीलचं पान उघडलं. कंपनीच्या एकूण शेअरच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त सौदा एकाने दिवसात केला तर तो तिथं त्याच संध्याकाळी नावासकट येतो, फुकट बघता येतं. मी ज्या सकाळी २५ हजार घेतले त्या दिवशी दोन नावं लाखांनी शेअर विकणारी, त्याच्या आधी चार दिवस तीच नावं, नंतर पण तीच. दर तिमाहीला येणारा शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडं किती शेअर त्याचा तक्ता, बघितला तर आधीच्या तिमाहीत छोटे शेअरहोल्डर ६ हजारांच्या आसपास, आणि मार्चअखेर ४१ हजार. प्रमोटरचा म्हणजे कंपनीच्या मालकांचा हिस्सा तेवढ्यात घसरलेला. मी घेताना भाव बघत होतो, तेल बघत होतो, कोण विकतंय हे एकदाही बघितलं नाही, आणि ते दोन क्लिकवर होतं.

सरांच्या प्रीमियम ग्रुपची फी राहिली सांगायची, ९ हजार ९९९. क्यूआर स्कॅन केला तेव्हा नाव एका किराणा दुकानाचं आलं, तरी पाठवले. सरांनी सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी नंबर दिला होता, रिसर्च ॲनालिस्टचा असतो तसा आयएनएचने सुरू होणारा. नंतर सेबीच्या साईटवर टाकून बघितला तर नंबर खरा, पण दुसऱ्याच कुणाचा, त्या बिचाऱ्याला पत्ता पण नसेल. नंबर खरा आहे का एवढंच बघू नका, नाव आणि फोन जुळतोय का ते बघा, आणि साईटवरच्या फोनवर स्वतः लावून विचारा. फीच्या पैशाची तक्रार मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर केली, सेबीला सगळे स्क्रीनशॉट पाठवलेत. तुम्हाला असं झालं तर ग्रुप गायब व्हायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, माझ्याकडं निम्मंच आहे.

महिन्याभराने एक फोन आला, हिंदीत, तुमचं त्या शेअरमध्ये नुकसान झालंय ना, आम्ही वसूल करून देतो, फक्त ४० हजार प्रोसेसिंग. माझा नंबर, शेअरचं नाव, किती घेतले, सगळं त्याला पाठ. कुठनं मिळालं तर त्या ग्रुपात सरांनी सुरुवातीलाच एक फॉर्म भरून घेतला होता, "तुमची गुंतवणूक किती". पैसे भरायला निघालो होतो, बायकोने मोबाईल हातातनं काढून घेतला. आणि हो, तोटा झालाय तर रिटर्न वेळेत भरून दाखवा, पुढच्या अशाच नफ्यातनं वजा करायला आठ वर्षं पुढं ओढता येतो, आमच्या सीएनं सांगितलं म्हणून कळलं, तेवढंच एक.

पोरीची फी एज्युकेशन लोनवर भरली. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

अण्णांनी अजून विकले नाहीत, ८० हजार शेअर आहेत त्यांच्याकडं, म्हणतात एकदा ड्रिलिंग चालू होऊ दे. परवा कारखान्यात चहाला आले होते, मागाच्या खडखडाटात काहीतरी सांगत होते, मला ऐकू आलं नाही. घरी येऊन व्हॉट्सॲप बघितलं तर त्यांनी एका नवीन ग्रुपची लिंक पाठवली होती, ह्यावेळी तांब्याच्या खाणीची.