सिगारचे तडकलेले पान चिकटवण्यासाठी पेक्टिनची पूड: चार सिगारींवरील अनुभव

परदेशातून परतलेल्या एका आप्तांनी एप्रिलमध्ये दहा सिगारींची पेटी भेट दिली आणि मी ती बाकरवडीचा डबा ठेवावा तशी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता लागते, आणि पुण्यात त्या दिवसांत दुपारच्या वेळी ती ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. तीन आठवड्यांनी पेटी उघडली, तेव्हा चार सिगारींचे बाहेरचे पान तडकलेले होते. त्या दुरुस्त करण्यासाठी रविवार पेठेत केक-बिस्किटांचे साहित्य मिळते तेथून पेक्टिनच्या, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणाऱ्या फळांतल्या पदार्थाच्या, पुडीचे १०० ग्रॅमचे पाकीट आणले. हा अभिप्राय त्या पाकिटाविषयी आहे.

पेक्टिनच का, हे आधी सांगायला हवे. सिगार म्हणजे तीन थरांची गुंडाळी: आत भरणा, त्याला आवळून धरणारे बाइंडरचे पान आणि सर्वांत बाहेर रॅपर. आपल्याकडचा ‘चिरूट’ हा शब्द मूळ तमिळ ‘सुरुट्टु’वरून आलेला आहे आणि त्याचा अर्थच मुळी गुंडाळलेली वस्तू असा आहे. रॅपरसाठी मधली शीर काढलेले अर्धे पान पेटवायच्या टोकापासून तोंडाकडच्या टोकापर्यंत तिरके गुंडाळत नेतात आणि शेवटी तेथे पानाच्याच तुकड्याची टोपी बसवून ती वनस्पतिजन्य डिंकाने चिकटवतात. त्यामुळे घरी खाण्यायोग्य, रंगहीन, बेचव डिंक वापरणे म्हणजे कारखान्यातलीच रीत लहान प्रमाणावर करणे होय. लाकूडकामाचा किंवा प्लास्टिकचा गोंद येथे मुळीच चालणार नाही, कारण जे लावाल ते जळून धुरातून तोंडात येणार आहे. (तंबाखूचा धूर स्वतःच अपायकारक असतो, हे मान्य, त्यात आणखी भर कशाला?)

पेक्टिन आणण्यापूर्वी स्वयंपाकघरातले उपाय करून पाहिले होते. लाडवांचा डिंक कोमट पाण्यात विरघळवून लावला. तो चिकटला उत्तम, पण वाळल्यावर काचेसारखा चकाकणारा आणि ठिसूळ झाला, आणि बोटांनी किंचित दाबताच त्याच रेषेत पुन्हा चीर पडली. कणकेची खळ पतंगाला ठीक आहे, काळसर पानावर मात्र तिचे पांढरे पोपडे दिसतात. मधाचा प्रयोग मुंग्यांनी निकालात काढला.

पेक्टिनचा थर वाळल्यावर पातळ राहतो, फारसा चमकत नाही आणि माझ्या वापरात तो डिंकाइतक्या सहज तडकला नाही. पाव चमचा पूड तीन चमचे गरम पाण्यात घालून मध होतो तितपत दाट करून घेतली, एवढीच कृती. मात्र पूड एकदम टाकली तर तिच्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर काही केल्या मोडत नाहीत. चिमूट-चिमूट भुरभुरवत ढवळत राहावे लागते. पाकिटावर याविषयी एक अक्षर नाही, सगळ्या सूचना जॅमच्या आहेत. घेताना घटकांची यादी अवश्य वाचावी. जॅमसाठीच्या काही मिश्रणांत साखर आणि आम्लही घातलेले असते आणि ते आपल्या उपयोगाचे नाही. केवळ पेक्टिन, म्हणजे आयएनएस ४४० (खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), एवढेच लिहिलेले पाकीट निवडावे. कालवलेली पेस्ट टिकत नाही, म्हणून मी शीतकपाटात ठेवूनही ती चार दिवसांत टाकून देतो.

परंतु पेक्टिन कितीही चांगले असले, तरी कोरड्या पानावर त्याचा उपयोग शून्य आहे, आणि माझी पहिली चूक हीच झाली. वाळलेले पान पेस्टच्या ओलाव्याने एका ठिकाणी फुगते, शेजारी ताठच राहते, आणि चीर बुजण्याऐवजी लांबते. विडी वळणाऱ्या बायका टेंभुर्णीची पाने आधी भिजवून मऊ करतात आणि मगच कापतात, ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक असूनही मला त्या वेळी सुचली नाही. सिगार थेट भिजवायची नसते, एवढाच काय तो फरक. आतला भरणा पटकन फुगला तर बाहेरचे पान आणखी फाटते. म्हणून उरलेल्या सिगारी घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ टक्क्यांची आर्द्रता राखणाऱ्या लहान पाकिटासोबत दोन आठवडे ठेवल्या, आणि पाने बोटांखाली लवचीक लागू लागल्यावरच पुन्हा पेस्ट हाती घेतली.

निकाल एकसारखा लागला नाही. पहिल्या सिगारची चीर पेटवायच्या टोकालाच होती. ती काही मिनिटांत जळून जाणार असल्याने तिला हात लावला नाही. दुसरीची केवळ कड सुटली होती. कडेखाली पेस्टचा पातळ हात फिरवून, पान ज्या दिशेने गुंडाळले आहे त्याच दिशेने अंगठ्याने दाबले आणि वीस मिनिटांनी जोड शोधावा लागला. तिसरी तोंडाकडच्या टोकाजवळ फाटली होती आणि तेथे पानाचा तुकडाच निघालेला होता. चौथी, जिच्यावर कोरडेपणी प्रयोग झाला होता, ती आडवी-उभी फाटून हाताबाहेर गेली होती, म्हणून तिच्याच रॅपरमधून भोकापेक्षा थोडे मोठे ठिगळ कापले, शिरांची दिशा जुळवून तिसरीवर बसवले आणि वर कागदाची पट्टी सैल गुंडाळून दोन दिवस डब्यात ठेवले. ओढताना ठिगळाच्या बाजूला आग थोडी मागे रेंगाळली, पण झुरका फुटका लागला नाही. चवीत पेक्टिन जाणवले नाही.

सिगारसाठी म्हणून मिळणाऱ्या तयार डिंकाची लहान बाटली मी मागवली नाही, कारण या पाकिटाला एका बऱ्या सिगारपेक्षाही कमी पैसे पडले. वर्षातून दोन-तीन सिगारी दुरुस्त करणाऱ्यासाठी पाकीट फार मोठे आहे, ही तक्रार मात्र खरी. मला आजवर पुरते दोन ग्रॅमही लागलेले नाहीत. उरलेल्याची पेरूची जेली करावी असा विचार होता, पण पेरूत पेक्टिन मुळातच भरपूर असते, असे घरातून लगेच निदर्शनास आणून देण्यात आले.